पाल्याची गाडी

गाड्याचं तोंड नाक्यावर आडव्या बांधलेल्या साखळीला लागलं तेव्हा मुल्की थांबली. सिमेंट वाहायचा एकचाकी गाडा. आत चादरीच्या घडीवर तिची मुलगी बरनी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. रात्रीपासून कळा येत होत्या, आणि मूल खाली सरकत नव्हतं.

"साखळी सोड, पोरा. बंदराजवळच्या इस्पितळात जायचंय."

साखळीच्या टोकाशी उलट्या बादलीवर लिबान बसला होता. ओठावर नुकती लव फुटलेली, मांडीवर बंदूक. "नायक झोपलेत, मावशी."

"मग उठव."

"पाला चघळल्याशिवाय ते काही ठरवत नाहीत. गाडी आली की उठतील."

मोगादिशूत कादचा, चघळून नशा करायचा, ताजा पाला दुपारी विमानाने उतरतो. तोवर नाक्या-नाक्यावर माणसं जांभया देत बसलेली असतात. कुणी लढत नाही, कुणी सोडतही नाही.

"कुणाची तू?" लिबानने विचारलं.

मुल्कीने बापाचं नाव सांगितलं, आज्याचं, पणज्याचं, त्याच्याही बापाचं. लिबान ऐकत होता. आपल्या कुळातलं नाव आलं तसा तो हसला.

"म्हणजे आपलीच की! मग परक्यासारखी घाई कशाला? सावलीत बस."

"सरकार होतं तेव्हा इथेच जकात नाका होता," मुल्की म्हणाली. "त्यावरचा कारकून पक्का हरामखोर. पण बाळंतीण आली की फाटक उघडून बाजूला व्हायचा."

"तेव्हा मी नव्हतो, मावशी."

"होतास. आईच्या पोटात होतास. तिला कुणी अडवलं नाही, म्हणून आज बसलायस इथे."

लिबानने मान फिरवली. गाड्यातून बरनी ओरडली. आधी ओरडली होती त्यापेक्षा आवाज बारीक झाला होता. मुल्कीला त्या बारीक आवाजाची भीती वाटली. मागे, मालवाहू जहाजाच्या पत्र्याच्या पेटाऱ्यात, नायक बीही कुशीवर वळला आणि पुन्हा घोरायला लागला.

तेवढ्यात दुरून भोंगा वाजला. एकदा वाजला तो थांबेचना.

लिबान उडी मारून उठला. भिंतीआड लवंडलेले आणखी तिघे उठले. पाल्याची पांढरी, मागून उघडी गाडी धुरळा उडवत येत होती. तिला कुणी हात दाखवत नाही, तिच्याकडे कुणी काही मागत नाही. फक्त पाल्याचा एक जुडगा नाक्यावाल्यांसाठी जाता जाता खाली पडतो. लिबानने साखळीचा आकडा काढला. साखळी खळखळत जमिनीवर पडली.

मुल्कीने गाडा उचलला, साखळीपलीकडे ढकलला आणि रस्त्याच्या मधोमध आडवा उभा केला.

गाडी करकचत थांबली. भोंगा बंद झाला.

"बाजूला हो, म्हातारे!" चालक गेदीने डोकं बाहेर काढलं. "पाला सुकतोय!"

"हिला वर घे."

लिबानने बंदूक रोखली. "मावशी, गोळी घालीन."

"घाल. रक्त पाल्यावर उडेल. धुऊन चघळा."

पत्र्याचं दार धाडकन उघडलं. बरनीच्या ओरडण्याने जो उठला नव्हता, तो बीही लुंगी सावरत उन्हात आला. त्याने गाड्याकडे पाहिलं, बरनीकडे पाहिलंच नाही.

"गाडी का थांबली?" त्याने विचारलं.

 हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं, असं मुल्कीला वाटलं. या नाक्यावर थांबलेली गाडी दिसते, अडलेली बाळंतीण दिसत नाही.

"चढवा वर आणि पिटाळा," बीही म्हणाला. "माझा जुडगा आधी टाक रे!"

चौघांनी बरनीला उचललं. तीच बोटं, तेच हात. आता जमत होतं. पाला सुकू नये म्हणून जुडग्यांवर ओली गोणपाटं पसरलेली होती, तिला त्यांवर ठेवलं. मुल्की चाकावर पाय देऊन चढली. गाडी सुटली.

बरनीचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. मुल्कीने कडेचं ओलं गोणपाट ओढलं आणि तिच्या डोक्यावर घातलं. मग दुसरं, ते पोटावर. तिसरं घडी करून पाठीखाली. उघडा हिरवा पाला उन्हात चकाकला.

टपावर बसलेल्या पहारेकऱ्याने हात पुढे केला. "ए, गोणपाट टाक परत! पाला मरेल!"

"मरू दे."

"खाली फेकीन तुला!"

"फेक. पण हिला खाली उतरवायला पुन्हा गाडी थांबवावी लागेल. थांब म्हण त्याला."

पहारेकऱ्याचा हात हवेतच राहिला. गेदीने आरशातून मागे पाहिलं. वरचा पाला कडेने मिटायला लागला होता.

"मावशी," तो रडवेल्या आवाजात ओरडला, "पुढे अख्खा बाजार वाट बघतोय गं! तेवढी गोणपाटं घाल त्यावर. तुझ्या पाया पडतो."

त्या दिवसात कुणी तिच्या पाया पडायची भाषा केली ती ही पहिलीच.

"इस्पितळाच्या दारात मिळतील," मुल्की म्हणाली आणि बरनीचा हात धरून बसली.

गेदीने शिवी हासडली आणि पाय दाबला. भोंगा पुन्हा वाजू लागला. रस्ताभर, पार बंदरापर्यंत, एकेक साखळी गाडी पोचायच्या आधीच खाली पडत गेली.