पैकीच्या पैकी

परीक्षेत ज्यांच्या नजरेतून कधी कॉपीची एकही चिठ्ठी सुटली नव्हती, त्या गणिताच्या बाईंनी रिटायर झाल्यावर घोडेस्वारी शिकायचं मनावर घेतलं. पण तबेल्याचा नियम कडक होता: आधी घोडेस्वारीतल्या शब्दांची तोंडी परीक्षा, पास झालात तरच रिकिबीत पाय. आठवडाभर पोळ्या लाटताना घोकलेले शब्द, घोड्याशेजारी उभ्या राहताच बाई साफ विसरल्या.

"तंग म्हणजे काय?" मिशीवाल्या मास्तरांनी वहीतून मान वर न करता विचारलं.

बाईंना दरदरून घाम फुटला. तेवढ्यात, पंधरा वर्षं हेच प्रश्न ऐकून कान किटलेल्या म्हाताऱ्या घोड्याने मान वळवली आणि आपल्या पोटाखालच्या पट्ट्याला नाक लावलं.

"खोगीर बांधायचा पट्टा!" बाई ओरडल्याच.

"नाल कुठे ठोकतात?" घोड्याने पाय उचलून खूर दाखवला. "दुडकी चाल कशी असते?" तो जागच्या जागी दुडदुडला. बाईंनी धडाधड उत्तरं दिली, पैकीच्या पैकी मार्क पटकावले आणि हळूच अख्खं गाजर घोड्याच्या तोंडात कोंबलं. या वयात त्यांना चक्क फुगडी घालावीशी वाटत होती!

मास्तरांनी शांतपणे वही मिटली.



"बाई, सातवीत कॉपी केली म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर काढलं होतंत. आता मी बाहेर कुणाला काढू, तुम्हाला की घोड्याला?"