सोमवारचा शेरा

वॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या अमेरिकी खेळांच्या रंगमंचावर टोपीचा विनोदी खेळ करणारा एल्मर टॅकेट वारला आणि त्याच्या कागदांची पेटी बायकोकडे, लिओटाकडे आली.

"वाचनालयाला दे ना, वहिनी," नणंद थेल्मा म्हणाली. "दादाचं सगळं आयुष्य आहे त्यात."

"तीस वर्षं टोपी पाडली आणि स्वतःच हसला, हेच ना आयुष्य? शेगडीत घालते."

थेल्मा डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

पेटीत एल्मरने जमवलेले, त्याच्यावरचे मॅनेजरांचे शेरे होते. दर सोमवारी दुपारच्या खेळानंतर थिएटरचा मॅनेजर प्रत्येक कलाकारावर शेरा लिहून कंपनीच्या मुख्य कचेरीत पाठवायचा. लिओटा वाचू लागली.

‘टोलेडो शहर. टोपीवाला. अकरा मिनिटं. कोणी हसलं नाही.’

"मॅनेजरला तरी अक्कल होती," ती म्हणाली.

सगळ्यात खालच्या कागदाची शाई तिच्या बोटाला लागली. अक्षर टोलेडोच्या शेऱ्यातलंच होतं.

‘सोमवार, दुपार. पेटीपाशी म्हातारी. सात मिनिटं. नवऱ्याची टिंगल करते, तीही शिळी. काडी ओढते तो भाग मात्र जोरदार. त्यानंतर बाई परत दिसत नाही.’

लिओटाने एप्रनचा खिसा चाचपला. काडेपेटी तिने अजून बाहेरही काढली नव्हती.