दोऱ्यांवरची थंड ज्योत

पेरूच्या राजधानीहून, लिमाहून, डोंगरातल्या या गावी आलेल्या इंजिनियर बाईंनी बटण दाबलं आणि पेनाएवढ्या नळीच्या टोकातून बोटभर जांभळी ज्योत सळसळत बाहेर आली. सभाघरातले सगळे एक पाऊल मागे सरले. गावच्या कारभाऱ्यांनी तर टोपीच काढली.

टेबलावर गावच्या दोऱ्या होत्या. लोकरीच्या, शेकडो, आणि प्रत्येकीत पूर्वजांनी अक्षरांऐवजी मारलेल्या गाठी. त्या गाठी वाचता येणारा शेवटचा माणूस जाऊन शंभर वर्षं झाली असतील. तरी दर एक जानेवारीला नव्या कारभाऱ्याच्या खांद्यावर त्या चढल्याशिवाय गावचा कारभार सुरू होत नाही. आता त्यांच्यावर राखाडी बुरशी चढली होती आणि नवं वर्ष नऊ दिवसांवर आलं होतं.

"आग आहे ही," सेनोबिया आजी म्हणाली. गावात तिच्याहून वडील कोणी नाही. "आणि ती लोकर आहे, बाई. एका ठिणगीत भरकन जळून जाईल."

"आजी, ही गार आहे. विजेचीच जात, पण माणसाळलेली. बुरशी मरते, लोकरीचा केससुद्धा जळत नाही."

आजीनं कोकाची चार पानं तोंडात टाकली आणि सावकाश चघळली. पानं कडू लागली तर दोऱ्यांची परवानगी नाही, म्हणून सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"गोड आहेत," ती अखेर म्हणाली. "पण आधी राखणदाराचा हात."

दोऱ्यांचा राखणदार एलेउतेरिओ दाराशी उभा होता. छप्पर गळलं, दोऱ्या भिजल्या, असं त्यानंच गावाला सांगितलं होतं. खरी गोष्ट वेगळी होती. पावसाळ्यात त्यांना जपायचं म्हणून त्यानं जुनं लोकरी फडकं काढून टाकलं आणि बाजारातून मुद्दाम आणलेल्या नव्याकोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत त्या घट्ट बांधल्या. आत दमट होऊन त्या कोंदल्या.

"कर की हात पुढं," कारभारी म्हणाले. "एरवी तर लई शूर असतोस!"

एलेउतेरिओनं तळहात सदऱ्याला पुसला. खोटं बोलणाऱ्याला वीज सोडत नाही, हे या डोंगरात कोणालाही विचारा. त्यानं डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केला.

ज्योत तळहाताला लागली. लागली म्हणजे काय, आईनं फुंकर घालावी तशी लागली. पावसाआधी वीज चमकल्यावर हवेला येतो तो वास खोलीभर पसरला. त्यानं डोळे उघडले. जांभळा उजेड त्याच्या बोटांवरून वाहत होता आणि कातडीला काही म्हणजे काही होत नव्हतं. भाजलं असतं तर त्यानं सोसलं असतं. ही माया त्याला सोसवेना.

"छप्पर गळलं नव्हतं," तो म्हणाला. "मी पिशवीत बांधल्या. मीच नासवल्या."

आजीनं चघळलेली पानं एका गालात सारली.

"ठाऊक आहे," आजी म्हणाली. "तू सांगितलंस त्याच दिवशी मी छपरावर माणूस चढवला होता. कोरडं ठणठणीत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं तुला होतं."

बाईंनी पहिल्या दोरीवर ज्योत फिरवली आणि मागून मऊ ब्रश. बुरशी भुकटी होऊन झडली. खाली लाल रंग निघाला. इतका ताजा, की बोट लावलं तर बोटाला लागेल असं वाटावं. गाठ होती तिथेच होती. कोणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. कारभाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"ज्योतीच्या वाऱ्यानं दोरी उडतेय," बाई म्हणाल्या. "दोरीखाली धरायला काहीतरी सपाट द्या."

कारभाऱ्यांनी लाकडाची फळी पुढे केली. आजीनं ती हातानं बाजूला सारली.

"फळी कशाला? राखणदाराचा हात आहे ना."