शिळा मान्ना

मोशे डोंगरावर गेला तो परतलाच नाही. आम्ही रिवाजाप्रमाणे तीस दिवस रडलो. एकतिसाव्या सकाळीही त्याचा वारस यहोशवा शोकात फाडलेल्या अंगरख्यातच म्हाताऱ्याच्या रिकाम्या तंबूपुढे बसलेला. समोर यार्देन नदी, पलीकडे आमची जमीन, आणि लोक मात्र मिसरच्या गुलामीत परतायच्या गोष्टी करू लागले. म्हणे, "तिथं निदान कांदे तरी मिळायचे!" मी आदल्या दिवशीचा मान्ना मुद्दाम मडक्यात राखून ठेवला होता. आभाळातून रोज पडणारं हे अन्न त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही, हा मोशेचा हुकूम. माझ्या आईनं एकदा ठेवलं, तर त्यानं साऱ्या छावणीसमोर तिची खरडपट्टी काढली होती. ते मडकं मी यहोशवाच्या पुढ्यात आदळलं. आत अळ्या वळवळत होत्या. बायकांनी नाकाला पदर लावले. "हे काय, अटारा?" तो पुटपुटला. "उद्याची तजवीज! म्हातारा गेला, आता उद्याचा भरवसा कोणी द्यायचा? तू? तुला तर धड ओरडताही येत नाही!" तो ताडकन उठला. त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, अगदी म्हाताऱ्याच्या फुगायच्या तशा. मडकं दगडावर फोडून तो पार नदीपर्यंत ऐकू जाईल असा गरजला, "राखून ठेवणाऱ्यांनी इथंच कुजावं! बाकीच्यांनी तंबू उतरवा, नदी ओलांडायचीय!" बोलणी खाऊन इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं. मी सुनेला हाक मारली, "मेखा उपट गं. म्हाताऱ्यानं माणूस बरोबर निवडलाय."