रॅमची निवड

"घाई करू नकोस, चुकीची रॅम घेतलीस तर पस्तावशील!" शिरीषने बायकोला ठणकावलं. दमयंती जुन्या लॅपटॉपवर पीएचडीचा प्रबंध लिहीत होती आणि चार फाइली उघडल्या की तो गोठायचा. ती दुकानात निघाली होती. "हे तुझं काम नाही," म्हणत त्याने तिला थांबवलं.

मग त्याचा अभ्यास सुरू झाला. आठ जीबी की सोळा, यावर तो मित्रांशी फोनवर तावातावाने भांडायचा आणि ताटातली आमटी गार व्हायची. दमयंती त्याच लॅपटॉपवर लिहीत राहिली. लॅपटॉप अडला की कुकर लावून यायची आणि अर्धं वाक्य पुरं करायची.

तिने प्रबंध सादर केला, त्यानंतर कुठे शिरीषची रॅम आली. त्याने थाटात लॅपटॉप उघडला. आत नवी रॅम बसवायला जागाच नव्हती. जुनी रॅम बोर्डालाच कायमची जोडलेली होती.

"कंपनी चोर आहे," तो म्हणाला.

डॉक्टरेट मिळाल्यावर घरी पाहुणे जमले. शिरीष प्रत्येकाला सांगत होता, "लॅपटॉपचं सगळं मीच बघत होतो."

"हो ना," दमयंतीने पेढे पुढे केले, "शिरीष नुसता बघतच होता."