वर्तणुकीचा दाखला

"यांची वर्तणूक कशी आहे?" हवालदारानं फॉर्म पुढे करत विचारलं. सहीला शेजारी लागतात, म्हणून कौस्तुभ त्याला घेऊन काकूंच्या दारात उभा होता. हातात चॉकलेटांचा डबा, जिभेवर साखर.

काकूंनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. कॅनडाहून आल्यापासून हा नाकाला रुमाल लावून हिंडत होता. याची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा याला रजा मिळत नव्हती. तिच्या तोंडात शेवटचं पाणीही काकूंनीच घातलं. आता कॅनडात कायमचं राहण्याचं काम एवढ्या एका दाखल्यावाचून अडल्यावर साहेबांना बरी तीन आठवड्यांची रजा मिळाली!

"काकू, तुम्ही तर मला लहानपणापासून ओळखता," कौस्तुभ लाडात आला.

"चांगलीच ओळखते," म्हणत काकूंनी हवालदाराला विचारलं, "मी नाही म्हटलं तर?"

कौस्तुभचा चेहरा उतरला.

"मग दाखला मिळायचा नाही. यांना तिकडचं सगळं आवरून इथे परत यावं लागेल."

"इथे? माझ्या शेजारी?" काकूंनी हवालदाराच्या हातातलं पेन ओढूनच घेतलं. "आणा तो कागद. एक सही पुरेल ना, की चार करू?"