उसनी प्रतिपिंडं

रबरी हातमोज्यांच्या कारखान्यातल्या सत्यनारायणाला यंदा सुलक्षणा तुपे प्रसाद वाटत होती. मालक बेलसरे यांच्यापुढे तिने शिऱ्याचा द्रोण धरला. शिऱ्यात केळं भरपूर होतं.

शंभर कामगार बघत होते. गेल्या वर्षी याच लोकांसमोर ती म्हणाली होती, "साहेब, रबराची ॲलर्जी झाल्यापासून मला केळंही बाधतं."

"नाटकं पुरे. प्रसादाने कुणाला काही होत नाही," असं म्हणून बेलसरे ती घास गिळेपर्यंत समोर उभे राहिले होते. ती मरता मरता वाचली. मग कामगार न्यायालयाने नव्या कायद्याची शिक्षा सुनावली: तिच्या रक्तातली ॲलर्जीची प्रतिपिंडं एकवीस दिवस बेलसऱ्यांच्या अंगात राहतील. कालच ती टोचली होती.

बेलसरे द्रोणाकडे बघत राहिले. नको म्हणावं, तर तिचं खरं ठरत होतं. आणि रबराचा केळ्याशी काय संबंध, असं त्यांना अजूनही वाटत होतं. त्यांनी घास घेतला.

प्रतिपिंडांना मात्र रबरातलं आणि केळ्यातलं प्रथिन सारखंच दिसलं. बेलसऱ्यांची जीभ खाजली, ओठ सुजले, घसा आवळला. ते खुर्चीत कोसळले.

सुलक्षणाने कमरेच्या पिशवीतून ॲलर्जीवरचं इंजेक्शन काढलं.

"आधी या सगळ्यांना सांगा साहेब. मी नाटक करत होते?"

बेलसऱ्यांचे ओठ नुसतेच हलले.

"आवाज फुटत नाही ना? माझाही फुटला नव्हता."

मग तिने सुई त्यांच्या मांडीत खुपसली, लागते त्याहून जरा जोरातच.